आधी महिने मोज, मग व्हिसा निवड

मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, पेढे पोचले, बरं वाटलं. पण त्याच दमात "अक्का, आता तो आमच्या दोघांचं ग्रीन कार्ड करतोय" म्हणालास आणि मी गप्प बसले. रागाने नव्हे. फोनवर असलं काही बोलायला लागलं की मध्येच वहिनी फोन घेते आणि गाडी भिशीवरून कुणाच्या तरी लग्नावर जाते. म्हणून सावकाश लिहितेय. बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात माझं आयुष्य गेलं आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतल्या निम्म्या आईवडिलांचे व्हिसाचे फॉर्म माझ्याच जेवणाच्या टेबलावर भरले गेले. तेव्हा चार गोष्टी सांगायचा मला हक्क आहे असं समज. वकील मी नाही. शिवाय हे नियम सारखे बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी त्या-त्या देशाच्या सरकारी साईटवर पुन्हा एकदा बघायचंच.

सगळ्यात आधी एक कोरा कागद घे, त्यावर जानेवारी ते डिसेंबर लिही आणि प्रत्येक महिन्यापुढे तुम्ही कुठे असणार ते लिही. मनात काय आहे ते नको, खरंच काय होणार ते. तुझी तासगावची द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी तू गड्यांवर सोडत नाहीस, ऑक्टोबरच्या छाटणीला तर जवळच्या पाहुण्यालाही कात्री देत नाहीस. जानेवारीपासून माल निघेपर्यंत तुझा पाय बागेतून हलत नाही. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला. राहिले काय, तर मे ते सप्टेंबर, आणि त्यातही गौरी-गणपतीला घरी नसलो तर कसं, हा वहिनीचा प्रश्न. ज्या माणसाचं वर्ष असं आहे, त्याला परदेशात बारमाही राहायचा परवाना कशाला हवा? व्हिसा निवडायचा तो ह्या कागदावरून. लोक उलटं करतात. सगळ्यात मोठा कोणता मिळतो ते आधी विचारतात आणि मग आपलं वर्ष त्यात कोंबत बसतात.

आता अमेरिकेचा साधा व्हिजिटर व्हिसा, बी-२. आपल्या लोकांना तो बहुधा १० वर्षांचा मिळतो आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. १० वर्षं म्हणजे १० वर्षांत कितीही वेळा दारापर्यंत जायची मुभा. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी दर खेपेला ठरवतो. साधारणपणे सहा महिने देतात आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पासपोर्टवर शिक्का असो वा नसो, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला कॉम्प्युटरसमोर बसवून दोघांच्या आय-९४ च्या प्रती काढून घ्यायच्या. दोघांची तारीख सारखीच असेल असं धरायचं नाही. त्या तारखेनंतर एक दिवस जरी जास्त राहिलात तरी पासपोर्टमधला तो १० वर्षांचा व्हिसा रद्द होतो. १८० दिवसांहून जास्त राहून मग परतलं तर तीन वर्षं बंदी, वर्षभर किंवा जास्त राहिलं तर १० वर्षं. आजारपण आलं, विमान रद्द झालं, तर मुदत संपायच्या आत आय-५३९ अर्ज टाकून वाढ मागता येते. पण ती अडचणीसाठी ठेवलेली सोय आहे. दर खेपेला वापरलीस तर पुढच्या वेळी खिडकीमागचा माणूस विचारणार, की तुम्ही पाहुणे आहात की इथेच राहता? अमेरिकेतून आठ दिवस कॅनडात लेकीकडे जाऊन आलं की सहा महिने नव्याने सुरू होतात, असं जे लोक छातीठोक सांगतात त्यांच्यावर विसंबू नकोस.

एक हिशेब मात्र पाटीवर लिहून ठेव, कारण हा फारसं कुणी सांगत नाही. व्हिजिटर म्हणून गेलं तरी दिवस जास्त भरले की अमेरिकेचं आयकर खातं तुला तिथला रहिवासी धरू शकतं. मोजणी अशी: ह्या वर्षाचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्याआधीच्या वर्षीच्या दिवसांचा सहावा हिस्सा. बेरीज १८३ झाली की आलास हिशेबात. दरवर्षी १२० दिवस राहिलास तर १२०, ४० आणि २० मिळून १८०, म्हणजे सुटलास. दरवर्षी १५० राहिलास तर १५०, ५० आणि २५ मिळून २२५. मग आपलं घर, शेती, पेन्शन सगळं भारतात आहे, असं सांगणारा ८८४० नंबरचा फॉर्म वेळेत भरावा लागतो, आणि तो मार्गही त्या वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस असलास तरच उघडा असतो. म्हणजे 'सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे' हे जे आपल्याकडे म्हणीसारखं झालंय, ते कागदावर वाटतं तितकं सुटसुटीत नाही. चार महिने हा आकडा मला बरा वाटतो. तेवढ्यात सुनेशीही गोड राहतो आपण.

मुलाखतीबद्दल थोडं. व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला तिकडे कायमचंच राहायचंय, असं अमेरिकेचा कायदा धरून चालतो. तसं नाही, हे दाखवायची जबाबदारी आपली. मुंबईचं कॉन्सुलेट पूर्वी ब्रीच कँडीला होतं, २०११ मध्ये बीकेसीला गेलं. तिथे फोन आत नेता येत नाही, तेव्हा सांगलीहून जाताना तो कुठे ठेवायचा ते आधी ठरव. मराठीतून बोलता येतं, तशी सोय आहे आणि ती जरूर घ्यावी. मोडक्या इंग्रजीत भलतंच उत्तर गेलेलं मी ऐकलंय. एका बाईंना विचारलं, कशाला चाललात? त्या कौतुकाने म्हणाल्या, नातवाला सांभाळायला, पाळणाघर फार महाग आहे हो तिकडे! झालं. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, आणि दुसऱ्याचे पैसे वाचवायला रोज ठरल्या वेळी मूल सांभाळणं हे त्यांच्या लेखी कामाच्या जवळ जातं. खोटं बोल असं मी म्हणत नाही, अजिबात नाही. आजी नातवाला मांडीवर घेणारच. पण जाण्याचं कारण मुलाकडे चार महिने राहणं हे असेल, तर तेच खरं असू दे, आणि मुलालाही सांग की पाळणाघराची जागा सोडू नको. फॉर्म एजंटने भरला तरी सही तुझी असते. मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियावरची नावंसुद्धा त्यात विचारतात. तुझं फेसबुक आहे, विसरू नकोस.

आता ग्रीन कार्ड. मुलगा नागरिक आणि २१ वर्षांच्या पुढचा असेल तर आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला ते करता येत नाही. म्हणून तुमचा प्रश्न आत्ता निघाला. ह्यात गंमत अशी की नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक मर्यादा नाही, म्हणजे रांग नाही. भावंडांसाठी भारतीयांची रांग १५ वर्षांहून लांब आहे. आईवडिलांना फक्त कागद हलायला लागतो तेवढा वेळ लागतो, वर्ष म्हण, जरा जास्त म्हण. रांगच नाही, तर नंबर धरून ठेवायची घाई कशाला? "आत्ता टाकून ठेवू, लागेल तेव्हा उपयोगी पडेल" हे रेशन कार्डाला ठीक आहे. इथे अर्ज टाकला की व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्ममधल्या एका प्रश्नाचं उत्तर बदलतं: तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का? 'हो' लिहावं लागणार, आणि मग चार महिन्यांच्या फेरीलाही अधिकारी दहादा विचार करणार. बाळंतपण, मुंज, वाढदिवस सगळं त्या अधांतरी काळात अडकतं. व्हिजिटर म्हणून जायचं आणि तिथे पोचून अर्ज टाकायचा, हा सल्ला तुला कुणीतरी देईलच. जातानाच तो बेत मनात असेल तर त्याला तिकडे फसवणूक म्हणतात. त्या वाटेला जाऊ नकोस.

आणि कार्ड हातात आल्यावर काय? आमच्या मजल्यावरच्या जोडप्याने हौसेने घेतलं. तिकडे थंडी मानवेना, इकडे भजनी मंडळ खुणावतंय, म्हणून ते वर्षातले आठ-नऊ महिने पुण्यातच. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की परत जाताना प्रश्न विचारतात, वर्ष उलटलं तर कार्ड गेलं असंच धरतात. जाण्याआधी रि-एंट्री परमिट काढलं तर दोन वर्षांपर्यंत सवड मिळते, पण तो अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. प्रत्येक विमानतळावर धाकधूक. शेवटी दोघांनी आय-४०७ फॉर्म भरून कार्डं परत केली आणि नव्याने व्हिजिटर व्हिसा घेतला. आता मजेत जाऊन येतात.

करसुद्धा बघ. कार्ड घेतलं की जगभरातलं सगळं उत्पन्न अमेरिकेला दरवर्षी सांगायचं: पेन्शन, मुदत ठेवींचं व्याज, सांगलीच्या गाळ्याचं भाडं. बागेचं उत्पन्नही. शेतीचं उत्पन्न आपल्याकडे करमुक्त आहे, तिकडे तसं काही नाही. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, पण जिथे कर भरलाच नाही तिथे वजावट कसली? भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, म्हणजे आठ-नऊ लाख रुपये, तरी त्याचं वेगळं विवरणपत्र. तुझ्या म्युच्युअल फंडांवर तर तिकडचे नियम इतके किचकट आहेत की सीएची फी फंडाच्या नफ्याहून जास्त होईल. औषधपाण्याचंही तसंच. वयाची ६५ झाली की मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, मिळतं हे अर्धसत्य आहे. आयुष्यभर तिथे नोकरी न केलेल्या आईबापांना पाच वर्षं सलग राहिल्यावर ते विकत घेता येतं, फुकट मिळत नाही. तोवर बाजारातला आरोग्य विमा. आणि मुलगा जी सही करतो ती नीट वाच म्हणावं. तुमच्या पोटापाण्याची हमी तो सरकारला देतो, आणि ती तुम्ही नागरिक होईपर्यंत, किंवा कायमचं देश सोडेपर्यंत, त्याच्या गळ्यात असते. बँकेत मी जामीनदारांना सही करण्याआधी सगळी कलमं वाचून दाखवायची, निम्मे तिथूनच उठून जायचे. मुलगा उठून जाणार नाही, पण त्याला माहीत असू दे.

हे सगळं वाचून ग्रीन कार्ड वाईट असं मनात घेऊ नकोस. माझ्या जाऊबाईंना ते घ्यायला मीच लावलं. दीर गेले, एकुलता एक मुलगा टेक्सासात, इथे तीन खोल्यांच्या घरात त्या आणि एक दिवसभराची बाई. त्यांच्या कागदावर बाराही महिने एकाच ठिकाणी होते. अशा माणसाने वेळेत घ्यावं, हिंडता-फिरता असताना घ्यावं, कारण मेडिकेअरची ती पाच वर्षंही तब्येत बरी असतानाच भरलेली बरी. तुमच्यावरही ती वेळ येईल तेव्हा बघू. मुलगा नागरिक आहे, तो काही पळून जात नाही. उद्या कायदाच बदलला तर, हा तुझा प्रश्न मला माहीत आहे. बदलू शकतो. पण त्या भीतीपोटी आत्तापासून दरवर्षी दोन देशांची विवरणपत्रं भरत बसणं मला पटत नाही.

लेकीचं प्रकरण निराळं आहे, आणि माझ्या मते तुमचा खरा निर्णय तिथेच आहे. ती कॅनडात, अजून नागरिक नाही, नुसती पीआर, म्हणजे कायमची रहिवासी. अमेरिकेत एवढ्यावर आईवडिलांसाठी काही होत नाही. कॅनडात होतं. त्यांचा सुपर व्हिसा आईवडील आणि आजीआजोबांसाठीच आहे, २०११ च्या डिसेंबरात सुरू झाला. आधी एका खेपेला दोन वर्षं राहता यायचं. ४ जुलै २०२२ पासून पाच वर्षं, आणि तिथे असतानाच आणखी दोन वर्षांची वाढ मागता येते. लेकीने रीतसर आमंत्रणपत्र द्यायचं, त्यांच्या तक्त्याप्रमाणे घरातली माणसं मोजून तेवढं उत्पन्न दाखवायचं. त्या माणसांत तुम्हीही धरायचे, आणि व्याही-विहीणबाईंनाही तिने-जावयाने बोलावलं असेल तर तेही. तेव्हा एकदा जावयाशी बोलून घे, दोन्हीकडच्यांना एकदम बोलावताना आकडा पुरतो का ते. तुमची वैद्यकीय तपासणी त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच व्हायला हवी. विमा किमान एक वर्षाचा, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा. पूर्वी तो कॅनडातल्याच कंपनीचा लागायचा, २०२५ च्या जानेवारीपासून तिथल्या सरकारने मान्य केलेल्या बाहेरच्या कंपन्यांचाही चालतो. प्रांताचं मोफत आरोग्य कार्ड सुपर व्हिसावाल्यांना मिळत नाही, म्हणून ह्या विम्यात काटकसर नको. विमानतळावर अधिकाऱ्याला स्वतःहून सांगायचं की हा सुपर व्हिसा आहे, आणि तारीख काय दिली ते तिथेच उभं राहून वाचायचं. नेहमीच्या पाहुण्यांचे सहा महिने सवयीने पडू शकतात.

कायमचं कॅनडात बोलावण्याची जी योजना आहे तिचं नाव काढू नकोस. २०२० साली ज्यांनी इच्छा नोंदवली, त्यांच्यातूनच पुढची वर्षं त्यांनी चिठ्ठ्या काढल्या. शिवाय प्रायोजक मुलांना २० वर्षांची हमी द्यावी लागते, क्युबेकात तेवढी १०.

आता जे सांगते त्यावर वहिनीशी शांतपणे बोल. नवराबायकोचा व्हिसा एकच असला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. तू कागदावर महिने लिहिलेस ते तुझे. वहिनीचे तिला लिहू दे. लेकीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण, परका देश, आणि वहिनीच्या मनात तिच्याजवळ वर्ष-दीड वर्ष राहायचं आहे. ती तुला बोललेली नसेल, मला बोलली. मग वहिनीने सुपर व्हिसा घ्यावा, तू साधा व्हिजिटर घे आणि छाटण्या सांभाळून ये-जा कर. खरं तर तूही सुपर व्हिसाच घेतलास तरी बिघडत नाही, पाच वर्षं राहिलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पण वर्षभराचा विमा तू चार महिन्यांसाठी भरणार का, एवढंच बघ. तिलाही एक सांग. १८३ दिवसांनंतर कर-रहिवासी धरण्याचा प्रश्न कॅनडातही येतो आणि भारत-कॅनडा कराराचा आधार घेऊन तो सोडवावा लागतो. तिचं उत्पन्न व्याजापुरतं आहे, घाबरायचं कारण नाही, फक्त सीएच्या कानावर घालून ठेव.

कागदपत्रांवर मी जरा रेंगाळणार आहे. व्हिसाच्या अर्जांत माणसं अडकतात ती इथेच.

तुझी जन्मतारीख १ जून. आपल्या पिढीत अर्ध्या महाराष्ट्राची १ जूनच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. आई तर तुझा जन्म श्रावणातला सांगायची. गावच्या नोंदवहीत खरी तारीख निघाली आणि पासपोर्टात १ जून असली, तर नवीन गोंधळ. म्हणून जुनं खणून काढण्याआधी एकदा ठरव की सगळीकडे कोणती तारीख आहे: शाळा सोडल्याचा दाखला, सेवापुस्तक, पॅन, आधार, पासपोर्ट. ती एकच असेल तर तीच धरून चाल. जन्माची नोंदच नसेल, आणि आपल्या वयाच्या खेड्यातल्या माणसांची बहुधा नसते, तर जिथे जन्म झाला तिथल्या कार्यालयातून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा. त्याला जोड म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आणि वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. आपल्या जन्माच्या वेळी घरात असलेली माणसं आता थोडी उरलीत. मिरजेच्या आत्या आहेत तोवर त्यांच्याकडून करून घे, ग्रीन कार्ड दहा वर्षांनी लागलं तरी.

वहिनीचं नाव तर बघच. लग्नात आपल्याकडे मुलीचं नावच बदलायची पद्धत. माहेरी एक, सासरी दुसरं, दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, रेशन कार्डावर दुसरं, आणि मधलं नाव वडिलांचं जाऊन तुझं आलेलं. लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कोणतं लावलंय? तेच नाव पासपोर्टात आहे का? नसेल तर दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा कागद लागतो, राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र. आणि तुमच्या लग्नाची नोंदणी! पत्रिका आणि फोटो आहेत म्हणालास. चालणार नाही. उद्या मुलाने तुझ्यासाठी अर्ज केला तर त्याचा जन्मदाखला आणि तुमचा विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही लागतील. आईसाठी त्याचा जन्मदाखला पुरतो. अर्जही दोघांचे वेगवेगळे. विवाह नोंदणी आजही होते, लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत. मुलाचा जन्मदाखलाही काढून बघ, कारण त्या काळात दवाखान्यातून नोंद जायची तेव्हा बाळाचं नाव ठरलेलं नसायचं. नावाचा रकाना कोरा आणि लिंग 'पुरुष' एवढंच. ते नाव आधी घालून घ्यावं लागतं, आणि त्याला हेलपाटे पडतात. हा कोरा रकाना मी इतक्या दाखल्यांवर पाहिलाय की आता फॉर्म उघडायच्या आधी तोच मागते.

पैशाचं थोडक्यात. वर्षातले बरेच महिने बाहेर जायला लागले की आपल्या कायद्याने अनिवासी ठरण्याचा प्रश्न येतो. तू चार महिने गेलास तर काही होत नाही. वहिनी दीड वर्ष राहिली तर तिच्या बचत खात्याचं काय करायचं ते बँकेला विचारून जा. पोस्टातली सिनियर सिटिझन स्कीम अनिवासींना नव्याने उघडता येत नाही. पीपीएफ मुदत पुरी होईपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. शेतजमीन असलेली राहते, नवीन विकत घेता येत नाही. म्हणून बागेशेजारचा तो तुकडा घ्यायचा असेल तर आत्ताच घे, कायमचं जायची भाषा नंतर कर. हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, वकिलातीतूनही होतो. पण मुखत्यारपत्र इथेच, दुय्यम निबंधकासमोर, निघायच्या आधी कर. तिकडून पाठवायचं म्हणजे आधी वकिलातीच्या फेऱ्या, मग पोस्टाची वाट.

वहिनीच्या भावाने विचारलं होतं, त्याच्यासाठी दोन ओळी. त्याचा एक मुलगा ऑस्ट्रेलियात, दोन मुली पुण्यात. ऑस्ट्रेलियाच्या कायमच्या पालक व्हिसाला निम्मी तरी मुलं तिथे लागतात, किंवा इतर कुठल्याही एका देशात आहेत त्याहून जास्त तिथे. म्हणजे तो बसतच नाही. बसला असता तरी पैसे भरून घ्यायच्या प्रकाराला माणशी ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर खर्च आणि दहा वर्षांहून लांब रांग. त्याने ८७० नंबरचा तात्पुरता पालक व्हिसा बघावा, तीन किंवा पाच वर्षांचा, एकूण १० वर्षांपर्यंत. त्याला मुलांच्या संख्येची अट नाही. अर्जाचे पैसे मात्र चांगलेच पडतात. इतर देशांचं कुणी विचारलं तर तेही सांगून ठेवते. ब्रिटनमध्ये कायमचं जायचं असेल तर २०१२ पासून इतकी कडक अट आहे, की रोजच्या आंघोळी-जेवणालाही दुसरा लागतो आणि ती शुश्रूषा भारतात मिळू शकत नाही हे सिद्ध करावं लागतं. पुण्या-मुंबईच्या माणसाने ते कसं सिद्ध करायचं? तिथे सहा-सहा महिन्यांची पाहुणचाराची फेरीच खरी. जर्मनीत १ मार्च २०२४ पासून पहिला परवाना मिळालेल्या कुशल नोकरदारांना आईवडील आणायची वाट उघडली आहे, पण त्या वयात तिथला आरोग्य विमा मिळवताना घाम फुटतो. न्यूझीलंडने २०२५ च्या सप्टेंबरअखेर पालकांसाठी पाच वर्षांचा व्हिसा काढलाय. सिंगापुरात मुलाचा पगार महिना किमान १२ हजार सिंगापूर डॉलर असेल तर त्याच्या परवान्यावर आईवडिलांना लांब मुक्कामाचा पास मिळतो.

विम्याचं तू विचारलं होतंस. अमेरिकेला जाताना स्वस्तातला, ठरावीक रकमांचा विमा घेऊ नकोस. त्यात एका दिवसाच्या दवाखान्याला अमुक, डॉक्टरला तमुक असं लिहिलेलं असतं आणि तिकडचं बिल त्याच्या कितीतरी पट येतं. टक्केवारीने भरपाई देणारा मोठा प्लॅन घ्यायचा. तुझा रक्तदाब आणि वहिनीची शुगर ह्या आधीपासूनच्या तक्रारी. बहुतेक पॉलिसी त्या सोडूनच देतात, अचानक उफाळलेल्या दुखण्यापुरतं थोडं देतात. ते कलम मुलाकडून वाचून घे. आणि चार महिन्यांच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेव.

सुरुवात मात्र पासपोर्टापासून कर. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात राहिला तरी चालतो, दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे. कॅनडाचा व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, आणि राहायची तारीखही तिथेच तुटते. वहिनीच्या पासपोर्टची दोनच वर्षं उरली असतील तर पाच वर्षांच्या सुपर व्हिसाला काय अर्थ? तिचा आधी नवा करून घ्या, नाव लेकीच्या जन्मदाखल्याशी जुळवून. ह्या आठवड्यात तिचा पासपोर्ट आणि लेकीचा जन्मदाखला, दोन्हींचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठव. फोटो सरळ आणि उजेडात काढ, मागच्या वेळेस सगळ्यावर तुझ्या बोटांची सावली होती.